भिंगाची किंमत आणि चेहऱ्याचे मोल

बँकेच्या कर्जविभागात आयुष्य गेल्यामुळे कोणी दरपत्रक पुढे ठेवले की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. गेल्या दिवाळीनंतर भाचा असेच एक दरपत्रक घेऊन आला. कापडाचे दुकान सांभाळून तो लग्नसराईत छायाचित्रणाची कामेही घेतो. कागदावर एकच वस्तू होती : व्यक्तिचित्रणाची ८५ मिलिमीटर, एफ १.२ लेन्स. किंमत सुमारे दोन लाख चाळीस हजार रुपये.

“मामा, घेऊ का?”

या प्रश्नामागे केवळ हौस नव्हती. चार वर्षांपूर्वी त्याचे वडील अचानक गेले, तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा एकही धड फोटो सापडला नाही. एका लग्नातील समूहचित्रातून चेहरा कापून मोठा करावा लागला. दुकानात गादीच्या वर आजही तोच अंधूक फोटो आहे. खांद्यावर कुणा दुसऱ्याच्या हाताची बोटे दिसतात. आता घरात ८४ वर्षांची आजी आहे. तिच्या बाबतीत तसे होऊ नये, ही त्याची तळमळ होती. अशा वेळी ‘नको’ म्हणणे सोपे नसते, आणि हिशेब न करता ‘घे’ म्हणणे योग्य नसते.

प्रथम वस्तू समजून घेतली. ८५ मिलिमीटरच्या लेन्सने चेहरा टिपताना दीड-दोन मीटर दूर उभे राहावे लागते. त्यामुळे नाक मोठे दिसत नाही, चेहऱ्याची ठेवण नैसर्गिक राहते. हा गुण स्वस्त व महाग दोन्ही लेन्समध्ये सारखाच असतो. फरक पडतो तो प्रकाश आत घेणाऱ्या छिद्रात. कॅननचेच उदाहरण घ्या. २०१९ साली आलेली आरएफ ८५ एफ १.२ ही लेन्स अमेरिकेत २,६९९ डॉलरला विक्रीस आली. पुढच्याच वर्षी आलेली एफ २ ची लेन्स ५९९ डॉलरला. किंमत साडेचार पट. पहिलीचे वजन सुमारे १,२०० ग्रॅम, दुसरीचे ५०० ग्रॅम. मोठी लेन्स पावणेतीन पट प्रकाश घेते. लहानीत मात्र हात हलल्याचा परिणाम सावरणारी यंत्रणा आहे, जी मोठीत नाही.

तेजस्वी लेन्सची ओढ जुनीच आहे. १८४० साली व्हिएन्नातील गणिती योझेफ पेट्झवाल यांनी व्यक्तिचित्रणासाठी खास लेन्स आखली, ती प्रकाशासाठीच. त्याआधी फोटो काढून घेणाऱ्याला बराच वेळ निश्चल बसावे लागे. आजचे कॅमेरे मंद उजेडातही काम करतात. त्यामुळे मोठ्या छिद्रासाठी आपण जे जादा पैसे मोजतो, ते पुष्कळदा पार्श्वभूमी धूसर दिसावी एवढ्यासाठीच असतात.

मग वही उघडली. समजा, चार वर्षांनी ही लेन्स निम्म्या किमतीला विकली गेली. म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये घसारा. गुंतलेली सरासरी रक्कम १,८०,००० रुपये. तिच्यावर सात टक्क्यांनी १२,६०० रुपये व्याज बुडाले. एकूण वार्षिक खर्च ४२,६०० रुपये. हीच लेन्स दिवसाला १,५०० रुपये भाड्याने मिळत असेल, तर वर्षातून २८ दिवसांहून अधिक वापर झाला तरच विकत घेणे परवडते. भाच्याने आपल्या कामांची वही चाळली. ज्या कामांना अशी लेन्स खरोखर लागली असती, असे दिवस निघाले अकरा.

“पण मामा, दर्जाचे काय?” त्याचे म्हणणे रास्त होते. दर्जा वहीत दिसत नाही. म्हणून दोन्ही लेन्स एका दिवसासाठी भाड्याने आणल्या आणि आजींना ओट्यावर बसवले. दीड मीटरवरून एफ १.२ ला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम दोन सेंटिमीटर असते. आजींनी मान किंचित वळवली होती. एक डोळा लखलखीत, दुसरा धुक्यात. कानातल्या कुड्या तर विरघळूनच गेल्या. लहान लेन्सने एफ ४ ला काढलेल्या फोटोत खोली सुमारे सात सेंटिमीटर मिळाली. दोन्ही डोळे, सुरकुत्या, पदराची किनार, सारे जागेवर.

दोन्ही फोटोंच्या १२ बाय १८ इंचांच्या प्रती काढून घरच्यांसमोर ठेवल्या. कोणती प्रत कशाची, हे सांगितले नाही. आजींनी दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवले. “यात माझे दोन्ही डोळे आहेत,” एवढेच त्या म्हणाल्या.

न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की, संध्याकाळी समईच्या उजेडात मोठी लेन्स स्पष्टपणे सरस ठरली. लहानीला जिथे सेकंदाचा साठावा भाग लागत होता, तिथे मोठीचे काम सुमारे एकशेसाठाव्या भागात झाले. नातवंडे हलत असताना हा फरक मोठा असतो. हात सावरणारी यंत्रणा हलणाऱ्या मुलाला थांबवू शकत नाही. शिवाय लहान लेन्सचा फोकस काहीसा संथ आहे. ज्याचे रोजचे काम मंद उजेडातील विवाहसमारंभांचे आहे, आणि ज्याचे ग्राहक त्या धूसर पार्श्वभूमीचे वेगळे पैसे देतात, त्याच्यासाठी ही खरेदी उधळपट्टी नव्हे, भांडवल आहे.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरातील तरुणाने असे दरपत्रक आणल्यास तीन गोष्टी विचाराव्यात. वर्षातून किती दिवस ही वस्तू हातात राहील? तिच्यामुळे वाढणारे उत्पन्न कोणत्या ग्राहकाकडून येईल? आणि ती भाड्याने आणून, मोठी प्रत काढून, पाहिली आहे का? व्यवसायासाठी घेतल्यास घसाऱ्याची वजावट मिळते हे खरे. पण वजावटीसाठी खर्च करणे हा उलटा व्यापार होय.

भाच्याने लहान लेन्स घेतली. मोठी तो लागेल तेव्हा भाड्याने आणतो आणि ते भाडे ग्राहकाच्या बिलात स्वतंत्र दाखवतो. वाचलेल्या रकमेचे काय करायचे, ते अजून ठरलेले नाही. मात्र त्या आठवड्यात त्याने घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याचा एकट्याचा फोटो काढून घेतला. माझाही काढला. आपल्या घरी असे किती फोटो आहेत, हे आज एकदा पाहून ठेवावे. त्यासाठी हातातला कोणताही कॅमेरा पुरेसा आहे.