मुलाच्या अंथरुणाची वहिवाट

वाघोटन खाडीच्या मुखाशी वसलेल्या विजयदुर्गासारख्या गावातील जांभ्याच्या चिऱ्यांची, कौलारू जुनी घरे पाहिली, तर त्यांत ओटी, पडवी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली असे सर्व काही सापडते. मुलांची म्हणून वेगळी खोली मात्र सापडत नाही. म्हणून त्या घरांतील मूल आईबापांजवळच निजत राही, असे मात्र नव्हे. त्याच्या अंथरुणाची एक ठरलेली वहिवाट होती. तान्हेपणी ते आईजवळ असे; अंगावरचे पिणे सुटले, किंवा पाठचे भावंड येण्याची चिन्हे दिसू लागली, की माजघरात आजीच्या कुशीत जाई; पुढे चुलतभावंडांच्या रांगेत त्याला जागा मिळे; आणि मुलगा असेल, तर मिसरूड फुटण्याच्या सुमारास त्याची वळकटी पुरुषमाणसांत, ओटीवर येऊन पडे.

या स्थलांतराचा हुकूम सहसा कोणी काढीत नसे. रात्रीची जेवणे आटोपून आजीने माजघरात वाकळ अंथरली, की मूल आपली छोटी उशी बगलेत मारून, "आजये, आज मी तुझ्याकडे निजतलंय," असे स्वतःच जाहीर करी. मध्यरात्री जाग येऊन ते आईकडे परतले, तरी त्याला त्याची पूर्ण मुभा असे. आणि आठ-पंधरा दिवस अशी ये-जा करता करता एके रात्री ते परतेनासे होई. आईची खोली सुटे, परंतु माणसाचा सहवास सुटत नसे. आणि माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे.

पुढे याच किनाऱ्यावरची माणसे बोटीने मुंबईस गेली आणि गिरणगावातील खोल्यांत राहू लागली. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तीतच चूल, तीतच संसार आणि तीतच पाहुणे. तेथे मुलांना वेगळे निजविण्याचा प्रश्न उद्भवतच नव्हता. जागा अपुरी पडली, की पुरुष आणि मोठे मुलगे चाळीच्या बोळात अंथरूण टाकीत. त्याच चाळींच्या पुनर्विकासातून वरळीत ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. प्रत्येक घर ५०० चौरस फुटांचे, आणि त्यात निजण्याच्या खोल्या दोन. इकडे गावातही कौलांच्या जागी स्लॅब येत आहे. जी भिंत पूर्वीच्या पिढ्यांना लाभली नव्हती ती आता उभी राहिली आहे. पण भिंतीपलीकडच्या त्या खोलीत आजी नाही, चुलतभावंडे नाहीत, आणि चार वर्षांच्या मुलास तेथे एकट्याने रात्र काढावयाची आहे.

तान्ह्या बाळाविषयी वैद्यकाचे मत स्पष्ट आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या मुख्य संस्थेने २०२२ साली दिलेल्या सूचनेप्रमाणे निदान पहिले सहा महिने बाळ आईबापांच्याच खोलीत, मात्र स्वतंत्र, सपाट आणि घट्ट बिछान्यावर उताणे निजवावे. झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका त्यामुळे घटतो. त्यानंतर खोली केव्हा बदलावी, याचे अमुक एक वय शास्त्राने ठरवून दिलेले नाही. साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत आई दृष्टीआड होण्याची भीती तीव्र असते, हे ध्यानात घेता तो काळ टाळणे बरे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली भुवनेश्वर आणि शिकागो येथील कुटुंबांची तुलना केली, तेव्हा शिकागोकरांनी पतिपत्नींच्या एकांतास मोठे महत्त्व दिले, तर ओडिशातील कुटुंबांना दुर्बळाचे रक्षण, म्हणजे लहान मुलास एकटे न निजविणे, अधिक मोलाचे वाटले. मला या दोहोंत विरोध दिसत नाही. पतिपत्नींना एकांत हवा असणे ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. केवळ त्याची किंमत मुलाने भयभीत होऊन चुकवावी, हे मला मान्य नाही.

तेव्हा तजवीज अशी असावी. घरात दुसरे बाळ येणार असेल, तर हा बदल त्याच्या जन्माच्या बऱ्याच आधी करावा, अन्यथा नव्याने येऊन आपली जागा हिरावली, असाच अर्थ थोरले मूल काढील. प्रथम दुपारची झोप नव्या खोलीत होऊ द्यावी. रात्री आईने किंवा बापाने झोप लागेपर्यंत अंथरुणापाशी बसावे, काही दिवसांनी थोडे दूर, मग दाराशी. दार उघडे ठेवावे. मूल मध्यरात्री उठून आलेच, तर न रागावता हात धरून परत न्यावे, त्याच्याजवळ थोडे थांबावे, आणि बागुलबुवाचे नाव तर कधीच काढू नये. कोकणातल्या पावसात दिवे केव्हा जातील याचा नेम नसतो. म्हणून उशाशी एक विजेरी ठेवावी आणि ती मुलाला स्वतः लावता यावी. मच्छरदाणी खोचणे मात्र मोठ्यांचे काम. दोन भावंडे असतील, तर एकाच खोलीत निजोत. एकटेपणाची सक्ती कशासाठी?

मे महिन्याच्या सुट्टीत चुलत-मामेभावंडे घरी जमली असतील, तर नव्या खोलीतल्या पहिल्या रात्री मुलास त्यांच्या रांगेत काढू द्या. आणि सुट्टी सरून ती परत गेली, की पुढील काही दिवस तुम्हीच त्या खोलीत चटई टाकून निजा.