परतीचे पाणी अडवणारी झडप

पाणी वर चढवायला पंप लागतो. चढलेले पाणी पुन्हा खाली येऊ नये, हे काम मात्र एका झडपेवर सोपवलेले असते. नाव नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, प्लंबरच्या तोंडी एनआरव्ही. तिला मूठ नाही, चाक नाही, वीजही लागत नाही. पुढे जाणारे पाणी तिला ढकलून उघडते आणि प्रवाह उलटला की तेच पाणी तिला बैठकीवर दाबून धरते. उलटा दाब जितका जास्त, तितकी ती घट्ट बसते. नळकामातली इतकी साधी आणि इतकी हुशार वस्तू क्वचितच दुसरी सापडेल.

खालापूर तालुक्यात पाण्याचे दोन्ही प्रवास दिसतात. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली येऊन तिथली चक्रे फिरवते आणि पुढे पाताळगंगेत जाते. नदीकाठच्या पाणीयोजनांना नेमके उलटे करावे लागते. जॅकवेलमधले, म्हणजे काठावरच्या विहिरीतले, पाणी त्यांना टेकाडावरच्या टाकीत चढवायचे असते.

समजा, टाकी पंपापासून ३० मीटर उंच आहे आणि नळ १०० मिलिमीटरचा आहे. पंप थांबताच वरचे पाणी झडपेवर दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब टाकते. एवढ्याशा चकतीवर येणारा एकूण भार भरतो सुमारे २३५ किलो. झडप नसेल तर टाकीच्या तळाशी जोडलेला नळ टाकी रिकामी करतो आणि पंप उलटा फिरतो.

विहिरीच्या तळाशी याच झडपेचे दुसरे रूप असते, फूट व्हॉल्व्ह. खाली जाळी, वर झडप. पंप पाण्यापेक्षा उंचावर असेल तर त्याच्या पोटात आणि खालच्या नळात आधी पाणी भरलेले लागते, कारण हवा ओढून पाणी उचलणे साध्या पंपाला जमत नाही. फूट व्हॉल्व्ह ते पाणी धरून ठेवतो. जाळीत पालापाचोळा किंवा बैठकीवर वाळूचा एखादा कण अडकला की पाणी रात्रभर झिरपून उतरते. सकाळी मोटर नुसती फिरते आणि माणसाला बादलीने पंप भरावा लागतो. उन्हाळ्यात पाताळगंगेचा प्रवाह वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर बराच अवलंबून असतो. ते कमी झाले की पातळी उतरते, जाळी उघडी पडते आणि चांगली झडप असूनही पंप हवा घेतो.

झडप उशिरा मिटली तर त्रास वेगळाच. वीज अचानक गेली की नळातले पाणी क्षणभर थांबते आणि मागे वळते. बिजागरीवर झुलणारी जड झडप तोवर उघडीच असेल, तर ती मागे वळलेल्या पाण्यासोबत आपटून बंद होते. लोखंडी नळात सेकंदाला १ मीटर वेगाने येणारे पाणी एकदम अडले, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलोने उसळतो. हाच वॉटर हॅमर. जोड निखळतात, नळ फुटतात. म्हणून मोठ्या वाहिन्यांवर स्प्रिंगची झडप बरी, ती प्रवाह उलटण्याआधीच मिटू लागते.

सर्वांत गंभीर अडचण आरोग्याची आहे. तास-दोन तासच पाणी येते तिथे पुरवठा थांबल्यावर सखल भागातले नळ वाहिनी रिकामी करत राहतात आणि उंचावरच्या नळात पोकळी होते. बादलीत बुडवलेली रबरी नळी मग बादलीतले पाणी ओढून घेते. थेट वाहिनीला मोटर जोडली की ही ओढ आणखी वाढते. पावसाळ्यात नळ गटाराच्या किंवा शेताच्या पाण्यात बुडालेला असला, तर गळक्या जोडातून घाण आत शिरते. १९३३ साली शिकागोच्या हॉटेलांतल्या सदोष नळजोडांमधून मैल्याचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले, आमांशाची साथ पसरली आणि अनेकांचा जीव गेला.

इथे एकट्या एनआरव्हीवर विसंबणे धोक्याचे आहे. तिचे रबर झिजते, बैठकीवर गंज चढतो, आणि ती थोडी उघडी राहिली तरी बाहेरून काहीच कळत नाही. बाणाची खूण न पाहता उलटी बसवली तर पाणीच येत नाही, मग घाईत तिचे आतले पान काढून टाकले जाते. ती तपासता यावी म्हणून तिच्या पुढे साधा गेट व्हॉल्व्ह हवाच, एरवी ती उघडायला वरची सगळी वाहिनी रिकामी करावी लागते. पिण्याच्या पाण्यासाठी खात्रीचा उपाय म्हणजे मोकळे अंतर. टाकीत पाणी सोडणाऱ्या नळाचे तोंड टाकीच्या काठापेक्षा नळाच्या व्यासाच्या दुप्पट तरी उंच ठेवायचे, म्हणजे २५ मिलिमीटरच्या नळाला निदान ५० मिलिमीटर.