सोळा वर्षांनी परतलेला मुष्टियोद्धा

भोपाळचे नाव देशभर लोकांच्या तोंडी बसविणारे पात्र म्हणजे १९७५ सालच्या 'शोले'मधील सूरमा भोपाली. दतियात जन्मलेले विनोदी नट जगदीप यांनी ते मोजक्याच प्रसंगांत अजरामर केले. पुढे तेरा वर्षांनी, १९८८ मध्ये, त्यांनी 'सूरमा भोपाली' हा स्वतंत्र चित्रपट दिग्दर्शित केला. तरीही त्या नावासरशी डोळ्यांपुढे उभा राहतो तो 'शोले'तील लाकडाच्या वखारीचा बढाईखोर मालकच. आवडते पात्र दीर्घ काळाने परतते तेव्हा प्रेक्षकाच्या उत्सुकतेत थोडी धाकधूक मिसळलेली असते, ती याचमुळे.

या धाकधुकीचे बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतील 'रॉकी' ही चित्रमालिका. फिलाडेल्फिया शहरातील एका सामान्य मुष्टियोद्ध्याची ही कथा सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांनी लिहिली आणि नायकाची भूमिकाही त्यांनीच केली. १९७६ च्या पहिल्या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यानंतर १९७९, १९८२ व १९८५ मध्ये पुढील भाग निघाले. १९९० च्या पाचव्या भागाने मात्र पुष्कळांची निराशा केली आणि मालिका संपली, असे लोकांनी गृहीत धरले. अशा स्थितीत सोळा वर्षांनी, २००६ मध्ये, 'रॉकी बाल्बोआ' हा सहावा भाग आला. स्टॅलोन तेव्हा साठ वर्षांचे होते.

साहजिकच प्रथम थट्टा झाली. नातवंडे खेळविण्याच्या वयात हातमोजे कशाला, असा तिचा सूर होता. परंतु चित्रपट पाहिल्यावर अनेकांचे मत पालटले आणि जगभरात त्याने १५ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले. याचे कारण असे की, या चित्रपटाने वय लपविले नाही. नायकाची पत्नी निवर्तली आहे. तिच्या नावाच्या उपाहारगृहात तो गिऱ्हाइकांना जुन्या लढतींच्या गोष्टी सांगतो. मुलाला बापाच्या कीर्तीची सावली जाचते. सांधे आखडलेत, तेव्हा आता चपळाई विसर आणि ठोशाच्या वजनावर भिस्त ठेव, असे त्याचा प्रशिक्षकच त्याला बजावतो. शेवटी दहा फेऱ्यांच्या लढतीत तो गुणांवर हरतो. पहिल्या चित्रपटातही तो असाच हरला होता. अखेरच्या घंटेपर्यंत पायांवर उभे राहणे, हेच दोन्ही वेळी त्याचे ध्येय होते. जुन्या प्रेक्षकांना आपला रॉकी परत भेटला तो येथे.

तथापि, साठीच्या माणसाने जगज्जेत्यापुढे दहा फेऱ्या टिकणे असंभवनीय आहे, असे म्हणणारेही होते, आणि त्यांचा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. भोपाळच्या तात्या टोपे नगर क्रीडांगणावर राज्य अकादमीची मुलेमुली मुष्टियुद्धाचा सराव करतात. डिसेंबर २०२२ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा याच शहरात झाली. निखत जरीन व लवलिना बोर्गोहाईन यांनी तीत सुवर्णपदके मिळविली. या खेळाडूंच्या जगात वयाचा हिशेब कठोर असतो. सहा वेळा जगज्जेती ठरलेल्या मेरी कोम यांना खेळण्याची ओढ असूनही चाळिशीच्या वयोमर्यादेमुळे थांबावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच हे सांगितले. व्यावसायिक मुष्टियुद्धात जॉर्ज फोरमन १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी पुन्हा जगज्जेते झाले, हे खरे; पण तो अपवाद होय. उतारवयात प्रतिक्रिया मंदावते, आणि डोक्यावर बसणाऱ्या ठोशांची किंमत मेंदूला मोजावी लागते.

म्हणूनच या चित्रपटाकडे खेळाचा धडा म्हणून पाहणे योग्य नव्हे. रिंगणात केव्हा थांबावे, हे नियमाने आणि वैद्यानेच ठरवावे. परंतु थांबल्यानंतर उरलेले आयुष्य कसे पेलावे, हा प्रश्न प्रत्येक निवृत्त माणसाचा आहे. त्या प्रश्नाला सामोरा जाणारा नायक पडद्यावर दिसला, म्हणून थट्टा करण्यास आलेले प्रेक्षकही टाळ्या वाजवून घरी गेले.