बोटं दुखली म्हणून गिटार सोडू नका

 

आज गिटारविषयी बोलू. पोरगी हट्ट धरते, आपण पै-पै जमवून गिटार आणतो, आणि महिन्याभरात ती कोपऱ्यात पडते. मग घरात बोलणी सुरू होतात, "पोरीचं खूळ, पैसे पाण्यात." पण दोष दर वेळी पोरीचा नसतो. बऱ्याचदा तो वाद्याचा असतो.

गिटारच्या दांडीवर धातूचे पडदे असतात. तार दाबून पडद्याला टेकवली की स्वर निघतो. तार पडद्यापासून जितकी उंच, तितका जोर जास्त लागतो. पूर्वीच्या स्वस्त गिटारची तार फारच उंच असायची. दांडी ताणानं वाकायची, पडदे कमी-जास्त अंतरावर बसलेले असायचे. मोठ्या माणसाचीही बोटं सोलून निघत, आणि एवढं करून स्वर बेसूरच.

आता कारखान्यात संगणकाच्या सूचनेवर चालणारी यंत्रं लाकूड कापतात आणि पडद्यांच्या खाचा पाडतात. त्यामुळे महाग आणि स्वस्त गिटारच्या मापात पूर्वीइतका फरक राहिलेला नाही. बऱ्याच गिटारच्या दांडीत लोखंडी सळई असते. दांडी वाकली तर ती फिरवून सरळ करता येते. ही युक्ती जुनी आहे, तिचं अमेरिकेतलं पेटंट 1923 सालचं. आता ती कमी किमतीच्या वाद्यातही मिळते.

तरी दुकानात तीन गोष्टी बघाच. पहिली, बाराव्या पडद्याजवळ तार किती उंच आहे. दोन-तीन मिलिमीटर ठीक, बोट आरामात आत जात असेल तर ती गिटार नको. दुसरी, मोकळी तार छेडा आणि मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. पहिला सा धरला तर दुसरा वरचा सा यायला हवा. तसा येत नसेल, तर ती गिटार कितीही जुळवली तरी बेसूरच वाजणार. तिसरी, प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार वाजवा, कुठे खरखर येते का ते ऐका.

लहान मुलीसाठी नायलॉनच्या तारांची गिटार बरी, ती बोटाला मऊ लागते. पण त्या गिटारला पोलादी तारा कधीच लावू नका. ताण वाढून घोडी उखडते. आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली गिटार ठेवू नका, डिंकाचे जोड सुटतात.

आता शिकण्याचं. आपल्या तेरखेड्याची ओळख फटाक्यांची. लहानपणी फटाक्यानंच डोळे अधू झालेल्या एका मुलानं संगीत शिकण्याची वाट सगळ्यांना मोकळी केली. ते विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म कुरुंदवाडचा, शिक्षण मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. त्या काळी विद्या गुरूच्या घरी राहून, सेवा करून मिळे. पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग भरू लागले, स्वरलिपीची पुस्तकं छापली गेली. गुरूच्या घरची विद्या शाळेत आली.

तीच विद्या आता फोनमध्ये आली आहे. गिटार जुळवायला फुकट अ‍ॅप मिळतं, तार छेडली की चढी आहे की उतरती ते दाखवतं. पूर्वी नवशिक्याचं निम्मं घोडं इथेच अडायचं. व्हिडिओ थांबवता येतो, वेग अर्धा करता येतो, दहा वेळा बघता येतो. जस्टिन सँडरको नावाचे शिक्षक 2003 पासून इंटरनेटवर फुकट धडे देत आहेत. हिंदीतही भरपूर धडे आहेत.

पण व्हिडिओला आपल्या पोरीचं मनगट दिसत नाही. ते वाकडं धरलं तर दुखणं मागे लागतं. म्हणून महिन्यातून एकदा तरी जाणत्या माणसाला वाजवून दाखवावं. भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकूही चालतील, सूर चुकला तर त्या लगेच सांगतील.

सुरुवातीला रोज पंधरा मिनिटं पुरेत. तीन-चार आठवड्यांत बोटांची टोकं घट्ट होतात, मग दुखणं कमी होतं. त्यानंतरही त्रास होत असेल, तर पोरीला बोलण्याआधी गिटार दुकानात नेऊन तारेची उंची कमी करून घ्या. घोडीवरची पट्टी थोडी घासली की बहुतेक वेळा काम होतं.