शेतातील नवे घर : खडीची वाट आणि वाळवी

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमसारख्या शहरी वसाहतीत घराच्या फाटकापर्यंत पक्का रस्ता असतो. शेतात नवे घर बांधणाऱ्यास मात्र अंगणापर्यंतची वाट स्वतःच करावी लागते. ती करताना झालेल्या चुकांची किंमत पुढे चौकटी व दारे मोजतात. कारण ओलावा आणि गाडलेले लाकूड वाळवीला घराजवळ आणतात.

खडी पसरल्याने वाळवी अडते, असे मानू नये. हवाई बेटे व ऑस्ट्रेलियात पायाशी दगडी कणांचा अडसर वापरतात. परंतु ते कण साधारण १ ते ३ मिमी आकाराचे असतात. ते वाळवीला हलवता येत नाहीत आणि त्यांमधील फटींत तिला शिरता येत नाही. वाटेवरील २० ते ४० मिमी खडीतील पोकळ्या मात्र तिला सहज ओलांडता येतात.

म्हणून तयारी तळापासून करावी. खुंट, मुळ्या, पऱ्हाटी, तुऱ्हाट्या काढून टाकाव्यात. खड्डे भरण्यासाठी काडीकचरा वापरू नये. म्हैसूर परिसरातील तांबड्या मातीत पाणी तुलनेने लवकर मुरते. महाराष्ट्रातील काळी माती मात्र ओलाव्याने फुगते, वाळल्यावर भेगाळते आणि खडी गिळते. तेथे वरचा मऊ थर काढून मुरूम थराथराने पाणी मारून दाबावा. वर टोकदार, फोडीव खडी घालावी. नदीतील गोल गोटे चाकाखाली सरकतात.

३ मीटर रुंद वाटेचा मध्य कडांपेक्षा सुमारे ६ सेंमी उंच ठेवावा. बाजूच्या चरांचा उतार घरापासून दूर असावा. ३० मीटर लांबीवर १५ सेंमी जाडीचा दाबलेला थर हवा असल्यास, दबाईत होणारी घट धरून सुमारे ६ ब्रास माल लागतो.

खडी जोत्याला टेकवू नये. जोत्याची किमान १५ सेंमी उंची उघडी राहिली, तर वाळवीच्या मातीच्या नळ्या वेळीच दिसतात. नळी आढळल्यास थोडी खरवडून आत जिवंत वाळवी आहे का ते पाहावे. केवळ नळ्या पुसल्याने वसाहत नष्ट होत नाही. ओलाव्याचा व लाकडाचा स्रोत शोधून दूर करावा आणि उपचारासाठी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी पहिल्या मोठ्या पावसानंतर अशा घरांना भेट द्यावी. पाणी कोठे साचते, हे त्या दिवशी स्पष्ट दिसते. दुरुस्तीही तेव्हाच सोपी असते.