रक्त वेळेवर तपासा, मधुमेह बांधावरच अडवा



मधुमेह हा गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग, रानात राबणाऱ्याला तो कशाला होईल, हा समज खेड्यांत अजून पक्का आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठणपासून कन्नडपर्यंत कुठेही गेलो तरी हेच ऐकू येते. हा समज खोटा ठरविणारा पुरावा मात्र आपल्याच महाराष्ट्रातील खेड्यांतून आलेला आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर मातांपासून एक अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे जन्माचे वजन सरासरी २ किलो ७०० ग्रॅम भरले, इंग्लंडच्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅम कमी. अंगावर मांस कमी असले तरी चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. हीच मुले १८ वर्षांची झाल्यावर त्यांचे रक्त तपासले. जवळजवळ निम्मी मुले वजनाने कमी, अंगाने सडपातळ होती. तरीही शंभरातील ३७ मुलांची आणि १८ मुलींची रक्तातील साखर योग्य प्रमाणापेक्षा जास्त निघाली. बहुतेकांना मधुमेह झालेला नव्हता, पण ती वाट सुरू झाली होती. बारीक अंगकाठीवर विसंबून राहू नये, हा यातला धडा होय.

मुंग्यांची वाट पाहू नका

लघवीला मुंग्या लागल्या म्हणजे साखर आली, असे जुनी माणसे सांगतात. ते खोटे नाही, पण फार उशिराचे आहे. रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. फार तहान, सारखी लघवी, वजन घटणे ही लक्षणेही साखर बरीच वाढल्यावरच दिसतात. तोवर डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा यांवर परिणाम सुरू झालेला असू शकतो. पिकाची पाने पिवळी पडण्याआधी आपण माती तपासून घेतो ना? रक्ताचेही तसेच आहे.

दोन तपासण्या, तीन पायऱ्या

पहिली तपासणी उपाशीपोटी साखरेची. रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास पाण्याखेरीज काही घेऊ नये. सकाळचा चहाही नाही. साखर १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ ही धोक्याची पायरी. १२६ किंवा अधिक आल्यास पुन्हा तपासून खात्री करावी; तीच आली तर मधुमेह.

दुसरी ‘एचबीएवनसी’, जिला लोक तीन महिन्यांची साखर म्हणतात. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांना साखर चिकटत राहते. ती किती चिकटली यावरून मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. हिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ धोक्याची पायरी, ६.५ पासून पुढे मधुमेह. मात्र अंगात रक्त कमी असल्यास हा आकडा फसवू शकतो. म्हणून भगिनींनी हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे.

मधली पायरी सापडणे हेच खरे भाग्य. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासात, जो २००६ साली प्रसिद्ध झाला, अशाच मधल्या पायरीवरच्या लोकांना तीन वर्षे पाहिले. नेहमीसारखे वागणाऱ्या शंभरांतील ५५ जणांना मधुमेह झाला. चालणे आणि आहार सांभाळणाऱ्यांत हे प्रमाण ३९ वर आले.

कोणी तपासावे?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने. आई-वडिलांना किंवा भावंडांना मधुमेह असेल, कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून जास्त असेल, रक्तदाब असेल, तर चालढकल नकोच. गरोदरपणी साखर वाढलेल्या भगिनींनी बाळंतपणानंतरही तपासणी चालू ठेवावी.

गावच्या आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील व्यक्तींची साखर बोटाच्या थेंबावर तपासण्याची सोय शासनाच्या कार्यक्रमात आहे. आशाताईंना विचारावे. तेथे साखर १४० किंवा अधिक आल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून पुढील तपासणी करावी. गरज पडल्यास ते ग्रामीण रुग्णालयात किंवा शहरातील घाटी रुग्णालयात पाठवतील.

साखर मधल्या पायरीवर असेल तर काय करावे?

बांधावर, पारावर, पाहुण्यांकडे असा दिवसभरात सहा वेळा गोड चहा होतो, तो दोनवर आणावा आणि साखर कमी घालावी. गूळ घातल्याने सुटका होत नाही, तोही साखरच. ताटात भात-भाकरी थोडी कमी आणि पालेभाजी, डाळ, मटकी जास्त असावी. आता नांगरट ट्रॅक्टरने होते आणि रानात मोटारसायकलने जाणे होते, तेव्हा रोज अर्धा तास झपाझप चालावे. तंबाखू सोडावी. गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावे, शेजाऱ्याची गोळी घेऊ नये. आणि दरवर्षी तपासणी करावी.

तहान लागल्यावर विहीर खणणारा शेतकरी शहाणा ठरत नाही. खरिपाची धांदल सुरू होण्याआधी मातीचा नमुना द्याल, त्याच आठवड्यात घरातील तिशीपुढच्या सर्वांचे रक्त तपासून घ्या. आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून पाहता येतील.