सगळं भट्टीत ठरतं

मिरजेत माझी डेंटल लॅब आहे. पेशंटशी आमचा संबंध तसा कमीच. पुढचा दात असला आणि रंग जुळता जुळत नसला, की डॉक्टर पेशंटला शेड बघायला आमच्याकडे धाडतात. आलेला माणूस हमखास म्हणतो, "मॅडम, झिरकोनियाची कॅप घेतोय. पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड आहे, म्हणजे बघायलाच नको." कार्ड खरं असतं. पण ते बहुधा मालाचं असतं. त्या मालाचं पुढे कोणी काय केलं, हे त्यावरून कळत नाही. आणि झिरकोनियाच्या बाबतीत अर्धी गोष्ट तिथेच आहे.

झिरकोनिया म्हणजे झिर्कोनियम या धातूचं ऑक्साइड. क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८९ साली श्रीलंकेच्या झिरकॉन खड्यातून ते वेगळं ओळखलं. आपल्याकडे केरळात कोल्लमजवळच्या चवऱ्याच्या किनाऱ्यावर वाळूतच झिरकॉन सापडतं. अमेरिकन डायमंडची कुडी घातली असेल, तर झिरकोनिया तुमच्या कानातही आहे. द्रव्य तेच, आतल्या स्फटिकांची रचना मात्र वेगळी.

ही रचना तापमानाबरोबर बदलते. शुद्ध झिरकोनिया साधारण ११७० अंश सेल्सिअसच्या वर गेला की त्याची एक रचना मोडून दुसरी होते. निवताना ती उलटते, आणि उलटताना आकारमान चार-पाच टक्क्यांनी वाढतं. त्यामुळे निव्वळ झिरकोनियाची वस्तू भट्टीतून काढेपर्यंत तडकलेली असते. यावर उपाय म्हणून त्यात यट्रिया नावाचं दुसरं ऑक्साइड घालतात, शंभर रेणूंमागे तीनेक. मग गरम अवस्थेतली रचना थंड झाल्यावरही टिकते, पण अगदी काठावर.

त्या काठावर असण्यातच त्याची ताकद आहे. कुठे बारीक चीर पडायला लागली, की तिच्या टोकाजवळच्या कणांवर ताण येतो, ते आपली रचना बदलतात, फुगतात आणि चिरेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. ऑस्ट्रेलियातल्या गार्वी, हॅनिंक आणि पास्को या संशोधकांनी १९७५ साली 'नेचर'मध्ये हे मांडलं. लेखाचं शीर्षक होतं 'सिरॅमिक पोलाद?'. जुन्या पोर्सेलिनची वाकवताना मोडण्याची मर्यादा शंभर मेगापास्कलच्या आत-बाहेर असते. दाढेसाठीच्या झिरकोनियाची हजाराच्या आसपास जाते.

लॅबमध्ये तो येतो तो पांढऱ्या चकतीच्या रूपात, अर्धवट भाजलेला. मशीन त्यातून कॅप कोरतं, तेव्हा ती खडूसारखी मऊ असते. नखानेसुद्धा ओरखडा उठतो. ती मुद्दाम वीस-पंचवीस टक्के मोठी कोरायची, कारण भट्टीत ती तेवढी आकसते. किती आकसणार याचा आकडा प्रत्येक चकतीवर छापलेला असतो. तो सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा भरला, तर कॅप दातावर बसतच नाही. रंगाचं पाणी लावल्यावर ती पूर्ण सुकवायची आणि मगच भट्टीत ठेवायची. तिथे साधारण पंधराशे अंशांवर कण एकमेकांना घट्ट धरतात. झिरकोनियातून उष्णता सहज वाहत नाही, म्हणून जाड ब्रिज असेल तर तापवणं आणि निववणं दोन्ही सावकाश. संध्याकाळी लावलेली भट्टी मी सकाळी उघडते. डॉक्टरांचा फोन येतो, "केस आजच द्या ना." पातळ सुट्या कॅपसाठी वेगळा, जलद प्रोग्रॅम असतो, लांब ब्रिजला तो लावायचा नाही.

भट्टीचं महत्त्व हाडांच्या डॉक्टरांनी मोठी किंमत मोजून ओळखलं. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाच्या टोकावर बसवायचा गोळा १९८० च्या दशकात झिरकोनियाचा बनू लागला. फ्रान्समधली सेंट-गोबेन देमार्केस्ट ही कंपनी त्यातली मोठी उत्पादक. १९९८ साली तिने एकेक घाणा भाजण्याची जुनी भट्टी सोडून सलग चालणारी बोगदा-भट्टी घेतली. त्यानंतरच्या काही बॅचचे गोळे पेशंटच्या शरीरात फुटू लागले आणि २००१ साली ते बाजारातून मागे घ्यावे लागले. माल झिरकोनियाच होता, बदलली होती ती भाजण्याची रीत. शिवाय ओलावा आणि ऊब मिळाली की पृष्ठभागावरचे कण वर्षानुवर्षांत हळूहळू रचना बदलतात, हेही तोवर समजलं होतं. आता खुब्यासाठी मुख्यतः अॅल्युमिनात झिरकोनियाचे कण मिसळलेलं सिरॅमिक वापरतात. त्यातलं एक गुलाबी दिसतं, ते क्रोमियम ऑक्साइडमुळे.

दाताच्या बाबतीतही 'झिरकोनिया' हे एकच नाव घेऊन भागत नाही. पुढच्या दातांना प्रकाश आरपार जायला हवा, म्हणून तिथल्या चकतीत यट्रिया जास्त असतं. तेवढ्यापुरता तो अमेरिकन डायमंडच्या रचनेकडे सरकतो. दिसायला छान, पण चीर दाबून धरणारे कण कमी झाल्यामुळे ताकद जवळपास निम्म्यावर येते. असली चकती दाढेच्या लांब ब्रिजला वापरणं धोक्याचं.

शेवटचा टप्पा लॅबच्या बाहेर, डॉक्टरांच्या खुर्चीवर असतो. कॅप बसवल्यावर 'उंच लागतंय' म्हटलं की डॉक्टर ती बर या बारीक फिरत्या हत्याराने घासतात. घासताना पाणी हवं, आणि नंतर रबर व पेस्टने पुन्हा गुळगुळीत पॉलिश हवं. नीट पॉलिश केलेला झिरकोनिया समोरच्या दाताला फारसा त्रास देत नाही. खरखरीत राहिलेला मात्र त्याचं इनॅमल खात बसतो.

तेव्हा कार्ड जरूर जपून ठेवा, पण आधी दोन गोष्टी विचारा: माझ्या या दातासाठी कुठल्या प्रकारचा झिरकोनिया, आणि घासल्यावर पॉलिश झालं का? दुसऱ्याचं उत्तर तर तुम्हालाच तपासता येतं. उठण्याआधी कॅपवरून जीभ फिरवा. खरखर लागली, तर संकोच न करता पुन्हा बसा.